आज्जी की आजी, आप्पा की अप्पा? घरातली लाडकी नावं लिहायची कशी, उच्चारायची कशी

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्याची एक घरगुती पुस्तिका करतोय. वंशावळीचं पान झालं, तिथे सगळ्यांची पाळण्यातली नावं आहेत, त्यामुळे वाद नाही. अडलंय ते आठवणींच्या भागात. ज्याने त्याने आपापला मजकूर पाठवला आणि एकाच बाईला कुणी आजी लिहिलंय, कुणी आज्जी, कुणी आजीआई. थोरले काका कुठे आप्पा, कुठे अप्पा. आत्याची तर चार रूपं आलीत: आत्या, आत्त्या, आत्तू, आत्तु. धाकटी मावशी माऊ आणि माउ, दोन्ही.

मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आहे. एक चुलतभाऊ म्हणतो, सगळं प्रमाण लेखनाप्रमाणे करून टाक, पुस्तक आहे ते. दुसरी म्हणते, 'आज्जी'ची 'आजी' केलीस तर ती माझी आज्जी राहणार नाही. मला दोघांचंही पटतंय. शिवाय प्रत्यय लावताना गोंधळ होतो. 'भाऊंनी' की 'भावांनी'? आणि परदेशातल्या दोन भाच्यांसाठी आम्ही मजकूर मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रितही करणार आहोत, तेव्हा उच्चारांचाही प्रश्न आहेच. जाणकारांनी सांगा. तुमच्या घरातली नावंही लिहा, कशी लिहिता तेही लिहा.

शुद्धमती

छान विषय. आधी नियमांपुरतं बोलते, कारण तेवढा भाग सरळ आहे.

१९६२ साली मराठी लेखनाचे जे चौदा नियम मान्य झाले आणि १९७२ मध्ये ज्यांत चारांची भर पडली, त्यांतले दोनच इथे लागतात. पहिला: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. म्हणून आत्तू, माऊ, बापू, काकू, ताई. 'आत्तु' आणि 'माउ' बाद. दुसरा उपान्त्य अक्षराचा, म्हणजे शेवटून दुसऱ्या. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व: वहिनी, मेहुणी, पाहुणा, माउली. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीचा दीर्घ: बहीण. आणि त्याच बहिणीला प्रत्यय लागला की ही ऱ्हस्व होते, बहिणीला, बहिणीचा. 'वहीनी' आणि 'माऊली' इतक्या ठिकाणी छापलेलं दिसतं की डोळ्यांना तेच बरोबर वाटायला लागलंय. तुमच्या पुस्तिकेत तेवढं सांभाळा.

सामासिक शब्दांत मात्र पहिलं पद तसंच राहतं: भाऊबीज, भाऊबंद, सासूबाई. तिथे 'भाउबीज' करू नका.

आजी आणि आज्जी यांच्याबद्दल हे दोन नियम काही सांगत नाहीत. कोशातलं रूप आजी आहे, एवढंच.

कृष्णाकाठ

शुद्धमतीताई, नियमांबद्दल आभार. माझं मत दुसऱ्या बहिणीच्या बाजूने. आमच्या सांगलीकडे नुसतं 'आजी' कुणाच्या तोंडी येत नाही. आज्जी. ज वर जो भार पडतो त्यातच सगळी हाक आहे. 'आजी' हे आम्ही दुसऱ्याच्या आजीबद्दल बोलताना वापरतो.

अप्पा, अण्णा, अक्का यांचंही तसंच. हे शब्द आपल्याकडे कानडीच्या शेजारातून आलेत. तिकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का थोरली बहीण, अप्पा वडील. जोडाक्षर हा त्यांचा गाभाच आहे. त्यामुळे पुढे जोर आला की आधीचा आ आपोआप आखडतो आणि लिहिणारा अ लिहितो. ज्याच्या घरी तो लांबवतात तो आप्पा लिहितो. दोन्ही रूपं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. यात बरोबर-चूक शोधू नये.

बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. पुण्यातली मंडळी भावजी म्हणतात. लिहिताना कुणी भाऊजी करतात, बोलताना ते बरेचदा भावजीच असतं.

बेळगावची

आमच्याकडे आत्याला आत्ती. माझ्या आईने सासूलाही आयुष्यभर आत्तीच म्हटलं. कानडीतल्या अत्तेशी त्याचा सरळ संबंध आहे, तिथे आत्या आणि सासू दोन्हींना एकच शब्द. आत्याच्या घरी मुलगी द्यायची रीत ज्या भागात होती तिथे हे होणारच. कोणी मुद्रितशोधक 'आत्ती' पाहून 'आत्या' करेल तर नात्याचा हा अख्खा पदर जाईल. रानजाई, कृपा करून असं करू नका.

पारिजात_७

आमच्या घरी वेगळाच प्रकार. माझे बाबा त्यांच्या आईला 'वहिनी' म्हणत. एकत्र कुटुंबात दीर-नणंदा तिला वहिनी म्हणायचे, मुलांनी तेच उचललं. आजोबांना सगळे 'दादा'. म्हणजे माझ्या बाबांचे आईवडील वहिनी आणि दादा. बाहेरच्याने त्यांच्या आठवणी वाचल्या तर त्याला वाटेल भाऊ-भावजयीबद्दल लिहिलंय. अशा घरांसाठी पुस्तिकेत एक पान हवंच: कोण कुणाला काय म्हणतं.

तळटीप

पारिजात, हे फार घरांत होतं. महर्षी कर्व्यांना घरीदारी अण्णा म्हणत आणि आनंदीबाईंना बाया. बाया कर्वे हेच नाव लोकांच्या तोंडी राहिलं. इतिहासातही हाकेची नावं पाळण्यातल्या नावांना मागे सारतात. तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. अण्णा भाऊ साठ्यांचं मूळ नाव तुकाराम, आणि जगाने ज्या नावाने ओळखलं त्यात अण्णा आणि भाऊ अशा दोन हाका शेजारी शेजारी आहेत. यांपैकी एकाही नावाला कुणी 'घरगुती, म्हणून अशुद्ध' म्हणत नाही.

शुद्धमती

तळटीप यांच्या मुद्द्यावरून प्रत्ययांच्या प्रश्नाकडे येते, कारण मला त्यातच या धाग्याचं उत्तर दिसतंय.

मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागताना आ चा या होतो. घोडा, घोड्याला. नात्यांतही पाहा: भाचा–भाच्याला, चुलता–चुलत्याला, मेव्हणा–मेव्हण्याला, सासरा–सासऱ्याला, नवरा–नवऱ्याला. पण मामा? मामाला. काकाला, दादाला, बाबांना, नानांना, अण्णांना. 'माम्याला' कुणी म्हणत नाही. असं का? पहिल्या गटातले शब्द आपण नातं सांगायला वापरतो, त्यांनी हाक मारत नाही. 'अहो सासरे, जेवायला चला' असं कोणत्या घरात ऐकलंय? दुसऱ्या गटातले सगळे शब्द हाकेचे आहेत. हाकेचा शब्द नावासारखा वागतो आणि नाव प्रत्ययापुढे मोडत नाही.

भाऊ हा शब्द दोन्ही कामं करतो म्हणून तो सगळ्यात बोलका. नातं सांगायचं असेल तर 'माझ्या भावाला सांगितलं'. पण घरात ज्यांना भाऊ म्हणतात त्यांच्याबद्दल असेल तर 'भाऊंना सांगितलं'. १७६० ला पानिपतावर सदाशिवराव भाऊंनी सैन्य नेलं असंच लिहितात, 'भावांनी' नेलं असं लिहिलं तर दोन-तीन भाऊ मिळून गेले असा अर्थ होईल. जाऊ हा शब्द नात्याचा, तो मोडतो: जावेला, जावा. नातू तसाच: नातवाला. काकू हाकेचा, तो अख्खा राहतो: काकूला, काकूंना.

रानजाई, म्हणून तुमच्या पुस्तिकेत जिथे हाक आहे तिथे ते विशेषनाम समजा आणि घरात जसं म्हणतात तसं ठेवा. आज्जी, आप्पा, आत्ती, सगळं. जिथे नुसतं नातं सांगितलंय, 'तिची आजी सातारची होती' वगैरे, तिथे कोशातलं रूप.

कृष्णाकाठ

हे फार उत्तम सांगितलंत. आजा हा शब्दही तपासून पाहिला. 'आज्याला' होतो, 'आजोबांना' मात्र अख्खा. बरोबर बसतं.

गाबीत

मालवणीत मात्र हाकेचे आणि नात्याचे शब्द मुळातच वेगळे पडतात. नातं सांगायला आवस, बापूस. प्रत्यय लागला की आवशीक, बापाशीक, आवशीचो, बापाशीचो. हाक मारताना आये, बाबा, बाय. आजोबांना आजो. हे शब्द लिहायची सवय नसल्यामुळे नव्या पिढीतली मुलं लिहिताना 'आई-वडील' करतात आणि बोलताना आवस-बापूस. लिहा ना तसंच. देवनागरीत सगळं मावतं.

आगरी-कोळ्यांकडचा दादूसही असाच. लिहिताना दू दीर्घ, कारण शेवट अकारान्त. म्हणजे शुद्धमतीताईंचा नियम आमच्या बोलीलाही चालतो, बापूस, दादूस.

सातासमुद्रापार

मी इथे न्यू जर्सीत राहते, तेव्हा उच्चाराच्या प्रश्नावर बोलते. माझी मुलं आजी अगदी छान म्हणतात. आजोबा म्हणताना मात्र ज असा काही कडक लागतो की माझ्या वडिलांना फोनवर कळतं, नात वाचून बोलतेय. शाळेसाठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहितो, त्यातला 'जे' मुलं जॅमसारखा वाचतात. अण्णांचं तर इंग्रजी स्पेलिंग एका परक्या बाईच्या नावासारखं दिसतं आणि वर्गात तसंच वाचलं जातं. मुलांच्या तोंडी आजोबांचं नाव नीट बसावं असं मला मनापासून वाटतं. काय करू?

जिव्हामूल

ताई, मुलांचा यात काहीच दोष नाही. देवनागरीतून वाचलं असतं तरी हीच अडचण आली असती, कारण आपण दोन वेगळ्या ध्वनींना एकच अक्षर वापरतो.

एक ज तालव्य. जिभेचा मधला भाग टाळूला लागतो: जीव, आजी. दुसरा दंततालव्य. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं आणि किंचित घर्षण होतं: जाळं, आजोबा. च आणि झ यांचंही असंच. मराठमोळ्या शब्दांत इ, ई किंवा य पुढे असेल तर ध्वनी तालव्यच असतो. अ, आ, उ, ओ पुढे असतील तर बहुतेक दंततालव्य. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्यच राहतात, म्हणून जन, जल, चरण यांत दंततालव्य ऐकू येत नाही. ज्यांचे आईवडील मराठी बोलतात त्यांना हे कुणी शिकवत नाही. ते कानातून येतं.

नात्यांच्या शब्दांत हे इतकं सुंदर दिसतं की मी शिकवताना नेहमी तिथूनच सुरुवात करतो. दंततालव्य: आजोबा, पणजोबा, आजोळ, जावई, जाऊ, भाचा, चुलता, चुलत. तालव्य: आजी, पणजी, भाची, दाजी, भावजी. भाचा-भाची एकाच शब्दाची पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपं, पण ई आला की च बदलतो.

मुलांना एक गोष्ट करायला सांगा. ती 'माझा' आणि 'माझी' म्हणतात ना? बहुतेक मुलं ते बरोबर म्हणतात, कारण रोज ऐकतात. 'माझा' म्हणताना जीभ जिथे जाते तिथेच ती आजोबांच्या ज साठी न्यायची. 'माझा आजोबा, माझी आजी' असं सलग चार वेळा म्हणून घ्या. (पहिलं आदरार्थी नाही, पण सरावापुरतं चालेल.) कान आधी तयार होतो, जीभ मागून येते.

इंग्रजी अक्षरांत लिहायचंच असेल तर 'जे' ऐवजी 'डी-झेड' लिहा. नुसतं 'झेड' लिहिलं तर घर्षण जास्त होऊन आझोबा होईल, तरी तेही 'जे' पेक्षा जवळचं.

सातासमुद्रापार

आत्ताच करून पाहिलं. धाकटीला दुसऱ्या वेळी जमलं! थोरला 'माझा' बरोबर म्हणतो पण आजोबाला परत अडतो. रोज फोनच्या आधी सराव घेईन. मनापासून आभार.

जिव्हामूल

थोरल्याला 'आजोळ' द्या आधी. तो शब्द त्याने लिहिलेला पाहिला नसेल, त्यामुळे डोळा आड येणार नाही.

बडोदेकर

आमच्या बडोद्याच्या मराठी घरांतही मुलं गुजराती शेजारात वाढतात. आत्याला सर्रास फोई म्हणणारी घरं आहेत. मी कधी हरकत घेतली नाही. पण मुलं आजोबा हिंदी वळणाने म्हणतात तेव्हा दुरुस्त करतो. नवा शब्द आला तर घर मोठं होतं, आहे तो शब्द बिघडला तर मात्र माझ्या जिवाला लागतं. इथल्या तरुण आईबापांनी तेवढं लक्ष द्यावं असं वाटतं.

मोठीमाय

आमच्या विदर्भात आईला माय, थोरल्या काकूला मोठी माय. काही घरांत आजीलाच मोठी माय म्हणतात. तिकडे 'काकी की काकू' हा प्रश्नच येत नाही, पण मुंबईत लग्न होऊन आले आणि कळलं की त्या दोन शब्दांवरून लोक तुमचं घर कुठलं ते ओळखतात. माझ्या सासरी काकी. माहेरचे पुण्याचे नातेवाईक काकू. माझ्या मुलीने मात्र मोठ्या जाऊबाईंना मोठी माय म्हणायला सुरुवात केली आहे आणि जाऊबाईंनी ते आनंदाने घेतलंय. रानजाई, 'मोठी माय' दोन शब्दांत लिहा. जोडून लिहिलं की ते आडनाव वाटतं. (माझं इथलं नाव जोडून आहे, कारण नावात मोकळी जागा चालत नाही.)

शुद्धमती

जुन्या सासरच्या हाका कुणाच्या लिखाणात असतील तर त्यांवरही लक्ष ठेवा. नणंदेला वन्सं, सासऱ्यांना मामंजी. 'वन्सं'वरचा अनुस्वार नाकात म्हणायचा नाही, तो 'केलं, गेलं' सारखा आघाताचा आहे. छापताना तो गळला तर वाचणारी नातवंडं 'वन्स' असं अर्धवट वाचतील.

रानजाई

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी सगळ्यांना धागा वाचायला दिला आणि काल रात्री बसून ठरवलं.

हाक असेल तिथे लिहिणाऱ्याचं रूप ठेवायचं. म्हणजे एकाच बाईला माझ्या बहिणीच्या लेखात आज्जी आणि चुलतभावाच्या लेखात आजी असं असेल. तो आधी तयार नव्हता, पण 'मामाला, भाच्याला' वाचल्यावर त्यानेच मान्य केलं. ऱ्हस्वदीर्घ मात्र सगळीकडे नियमाने: आत्तू, माऊ, वहिनी. सुरुवातीला पारिजात म्हणाल्या तसं 'कोण कुणाला काय म्हणतं' हे पान येईल.

आप्पांचा प्रश्न त्यांच्या पत्रांनी सोडवला. आंतर्देशीय पत्रांवर दरवेळी 'तुमचा, आप्पा' अशी सही आहे. ज्यांचं नाव त्यांनीच लिहून ठेवलंय, तिथे आपण वेगळं लिहायचं कारण नाही.

ध्वनिमुद्रण आमच्या सगळ्यात थोरल्या आत्याकडून करून घेणार आहोत. आजोबा आणि आजोळ तिच्या तोंडून ऐकण्यासारखे आहेत.

एक अडचण उरली. आजोबांची धाकटी बहीण धुळ्याला दिली होती. तिच्या मुलांनी अर्धा मजकूर अहिराणीत पाठवलाय. त्यात आत्याला 'फुई' आहे, ते कळलं. पण थोरल्यांचा उल्लेख काही ठिकाणी 'जिभाऊ' आणि काही ठिकाणी 'जिभो' असा आहे. एकाच माणसाबद्दल आहे की दोन?

तापीकाठ

जिभाऊ आमच्या खान्देशात थोरल्या, मानाच्या माणसाला म्हणतात. भरभर बोलताना ते आखडतं, तुमच्या मजकुरातलं 'जिभो' तेच असावं. पण घरात दोन थोरले असतील तर एकाला जिभाऊ आणि दुसऱ्याला आखूड रूप असं वाटूनही घेतलेलं असू शकतं. हे त्या घरालाच विचारायला हवं. मजकूर मला व्यक्तिगत निरोपात पाठवलात तर अहिराणीचं मुद्रितशोधन करून देईन. एक विनंती, तो भाग प्रमाण मराठीत करू नका. खाली टीप लागली तर मी लिहून देतो.

रानजाई

पाठवते. धुळ्याला आज संध्याकाळी फोनही करते.